निवडीचा न्याय



निपाणी आणि अर्जुननगर ही दोन गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे परगावच्या माणसाला सांगता येणार नाही. परंतु निपाणी कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात मोडते आणि अर्जुननगर महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे, तर निपाणी गावातील महाविद्यालये २०१० साली स्थापन झालेल्या बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. ह्याचा खेळाशी काय संबंध, असे आपण विचाराल. तो संबंध मोठा आहे. एकाच गल्लीत वाढलेली, एकाच माळावर फुटबॉल खेळून मोठी झालेली दोन मुले आपण डोळ्यांसमोर आणू. बारावीनंतर एकाने अर्जुननगरच्या महाविद्यालयात नाव घातले, दुसऱ्याने निपाणीच्या. त्या दिवसापासून दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. पहिला विद्यापीठाच्या संघात आला तर पश्चिम विभागात खेळणार आणि त्याची गाठ महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोवा ह्या बाजूच्या संघांशी पडणार. दुसरा दक्षिण विभागात जाणार आणि केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण येथील संघांना तोंड देणार.

आता विद्यापीठांच्या स्पर्धांची रचना पाहा. भारतीय विद्यापीठ संघ ह्या संस्थेचा जन्म १९२५ सालचा. आंतरविद्यापीठ मंडळ हे तिचे मूळचे नाव. देशभरच्या विद्यापीठांचे सामने हीच संस्था भरविते. विद्यापीठे शेकडो असल्यामुळे सर्वांना एकत्र खेळविणे शक्य नाही. म्हणून फुटबॉलसारख्या खेळात देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस जातात. चार चोक सोळा, हिशेब सरळ आहे. ह्यात कोणाची मर्जी नाही आणि कोणाचा वशिला नाही. जो जिंकेल तो पुढे जाईल.

तरीही हा हिशेब जितका सरळ आहे तितकाच न्यायाचा आहे काय? केरळातील कालिकत विद्यापीठाने फुटबॉलचे अखिल भारतीय विजेतेपद अनेक वेळा पटकाविलेले आहे. ज्या विभागात असे संघ आहेत तेथे पाचवा येणारा संघ दुसऱ्या एखाद्या विभागातील चौथ्या संघाहून चांगला असू शकेल. पण पाचव्याने घरी जावयाचे आणि चौथ्याने पुढे जावयाचे, असा नियम आहे. म्हणजे आपल्या त्या दोन मित्रांपैकी कोणाला अखिल भारतीय मैदान दिसणार, हे काही अंशी त्यांनी कोणत्या महाविद्यालयाच्या कचेरीत फी भरली त्यावर ठरून जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा फुटबॉलचा विचार कोणाच्या मनात असणार नाही. परंतु रेषेचा परिणाम मैदानापर्यंत पोहोचला आहे खरा.

अशा वेळी कोणी म्हणेल, ठराविक जागांचा हा नियम मोडून टाका. चार जाणते लोक एकत्र बसवा, त्यांना सर्व संघांचा खेळ पाहू द्या, आणि देशातील सोळा उत्तम संघ त्यांनाच निवडू द्या. ही सूचना वरवर पाहता शहाणपणाची वाटते. ती अमलात आणली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याला अमेरिकेकडे वळावे लागेल. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो अंडाकृती चेंडूचा, हातांत चेंडू घेऊन धावण्याचा आणि धक्काबुक्कीचा खेळ आहे. पण लोकप्रियतेच्या बाबतीत तो तेथे आपल्याकडील क्रिकेटच्या तोडीचा समजावा. वरच्या पायरीवर एकशे तीसहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण बारा सामने येतात. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मग त्यांत श्रेष्ठ कोण, हे ठरवावयाचे कसे?

बरीच वर्षे तेथे हे ठरविण्याची गरजच कोणाला तीव्रतेने भासली नव्हती. हंगाम संपला की निरनिराळ्या शहरांतील मंडळी दोन नामवंत संघांना आमंत्रण देत आणि एक मोठा सामना भरवीत. वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणावरून अशा सामन्यांना ‘बाऊल’ हे नाव पडले. त्यांतील सर्वांत जुना कॅलिफोर्नियातील पासाडेना येथला, १९०२ साली सुरू झालेला. ही पद्धत आपल्याला अगदी परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे यात्रा कमिटी कुस्त्यांचे मैदान भरविते तेव्हा नाव असलेला मल्ल बोलाविते, त्याला तोडीची जोड लावते, आणि हस्तपत्रकावर दोघांची नावे मोठ्या अक्षरांत छापते. गर्दी जमावी हाच त्यात हेतू असतो, आणि त्यात गैर काही नाही. पैसा कमिटीचा आहे, यात्रा गावाची आहे. तिने कोणाला बोलवावे हा तिचा प्रश्न. अन्याय सुरू होतो तो निराळ्या ठिकाणी. अशा आमंत्रणाच्या कुस्तीत जिंकलेल्या मल्लाला उद्या कोणी साऱ्या राज्याचा अजिंक्य मल्ल म्हणून मिरवू लागले, तर ज्याला आमंत्रणच मिळाले नाही तो पुढे येऊन विचारणारच की, मला न खेळविता तुम्ही हे कसे ठरविलेत?

अमेरिकेत हेच झाले. विजेता कोण हे वर्षानुवर्षे पत्रकार आणि प्रशिक्षक मते देऊन ठरवीत. पुढे १९९८ पासून त्यात गणकयंत्रांची भर पडली. शेवटी २०१४च्या हंगामापासून तेरा जणांची एक समिती नेमण्यात आली. तिने चार संघ निवडावयाचे आणि त्या चौघांत अजिंक्यपदाचे सामने व्हावयाचे, असे ठरले. समितीत जाणकार माणसे होती. स्वतःच्या संस्थेचा विषय निघाला की त्या सभासदाने खोलीबाहेर जावे, असा दंडकही होता. हे सर्व असूनही ३ डिसेंबर २०२३ रोजी त्या समितीने असा निर्णय दिला की साऱ्या देशात गहजब उडाला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने तेराच्या तेरा सामने जिंकले होते आणि आपल्या गटाचे विजेतेपदही मिळविले होते. तरी त्याला वगळण्यात आले, आणि एकेक सामना हरलेले टेक्सास व अलाबामा हे संघ आत घेण्यात आले. कारण काय? तर ज्याच्या हातून संघाचा सारा डाव सुरू होतो तो फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू नोव्हेंबरात जायबंदी झाला होता, आणि त्याच्यावाचून हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही असे समितीचे मत पडले.

महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसल्यास त्याचा विचार करण्याची मुभा समितीला नियमानेच होती. म्हणजे समितीने नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण तेरा विजय एका पारड्यात आणि एक दुखापत दुसऱ्या पारड्यात घातली असता काटा कोणीकडे झुकावा, हे नियमाने सांगितले नव्हते. ते त्या दिवशी, त्या खोलीत ठरले. ज्या मुलांनी मुख्य खेळाडूच्या दुखापतीनंतरही उरलेले सामने जिंकून दाखविले होते त्यांना असे सांगण्यासारखे झाले की, तुम्ही जिंकलात खरे, पण तुम्ही जिंकाल असे आम्हांस वाटत नाही!

पुढे २०२४ पासून चाराचे बारा संघ झाले. त्यांतील पाच जागा गटविजेत्यांना राखून ठेवण्यात आल्या आणि सातांची निवड समितीकडे राहिली. जागा वाढल्या म्हणजे भांडण मिटेल, अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. २०२५च्या हंगामात मायामी आणि नोत्र दाम ह्या दोन संघांचा प्रत्येकी दहा सामन्यांत विजय आणि दोहोंत पराभव झाला होता. हंगामाच्या आरंभीच मायामीने नोत्र दामला हरविलेही होते. असे असता समितीच्या साप्ताहिक यादीत नोत्र दाम वर आणि मायामी खाली, असा क्रम राहिला. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही सामना खेळला नाही, तरी अखेरच्या यादीत क्रम उलटा झाला. मायामी आत गेला आणि नोत्र दाम बाहेर राहिला. अखेरचा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. समोरासमोरच्या सामन्यात ज्याने हरविले त्याला वर ठेवणे, ह्याला कोणीही न्यायच म्हणेल. पण तो न्याय होता तर पहिल्या यादीतच का दिसला नाही? नोत्र दामच्या रागाचे मूळ ह्या प्रश्नात होते. त्या संघाने मग दुसऱ्या कोणत्याही बाऊल सामन्याचे आमंत्रण स्वीकारले नाही.

ह्या दोन्ही प्रकरणांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. निवड करणारे दोन निरनिराळ्या प्रश्नांची सरमिसळ करीत असतात. ज्याने कमावले तो कोण, हा एक प्रश्न. आज ज्याच्या अंगी अधिक बळ आहे तो कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर झालेल्या सामन्यांत असते आणि ते कोणालाही पडताळून पाहता येते. दुसऱ्याचे उत्तर निवडणाऱ्याच्या अंदाजात असते. ते चांगल्या माणसाचे असले तरी अंदाजच राहते. ह्यांपैकी आपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत, हे आधी सांगितले तर दोन्ही पद्धती न्यायाच्या होऊ शकतील. ते न सांगता आज एक आणि उद्या दुसरा प्रश्न हाती घेतला की मात्र प्रामाणिक समितीवरही पक्षपाताचा ठपका येतो.

अंदाजावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. ज्यांचे नाव मोठे त्यांच्याकडे अंदाज आपोआप झुकतो. विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकासाठी खेळत होता. साठ वर्षे त्याची गणना दुबळ्या संघांत होई. एखाद्या समितीने नावलौकिक पाहून संघ निवडले असते तर विदर्भाला बाद फेरीत कोण घेणार होते? परंतु तेथे प्रवेश गुणतक्त्याने मिळत होता. २०१७-१८ साली विदर्भाने तो करंडक जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला, आणि २०२४-२५ साली तिसऱ्यांदा जिंकला. त्याच २०१८-१९च्या हंगामात सर्वांत खालच्या गटातील विजेत्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती. ती उत्तराखंडाला मिळाली, आणि उपांत्यपूर्व सामन्यात विदर्भानेच त्याचा एका डावाने पराभव केला. तेव्हा, ही जागा वाया गेली, असे काहींना वाटले असेल. माझ्या मते ती वाया गेली नाही. आज डावाने हरणारा संघ उद्याचा विदर्भ असू शकतो, आणि ते कळण्याचा मार्ग त्याला खेळू देणे हाच आहे.

इतका वेळ आपण संघांविषयी बोललो. आता आपल्या महाविद्यालयांकडे परत येऊ, कारण येथे चित्र थेट उलटे आहे. अमेरिकेत संघाचा प्रवेश समिती ठरविते. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाला पुढे जाण्यासाठी समितीची गरज नसते, ते मैदानच ठरविते. पण त्या संघात कोण असावे हे समिती ठरविते. आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, निवड चाचणी होते, निरनिराळ्या महाविद्यालयांतील मुले शिबिराला बोलाविली जातात, आणि शेवटी एक यादी सूचनाफलकावर लागते. अमेरिकेत जो वगळला जातो तो संघ असतो. त्याच्या पाठीशी एक श्रीमंत विद्यापीठ, त्याचे वकील, त्या प्रांतातील राजकारणी आणि वर्तमानपत्रे उभी राहतात. आपल्याकडे जो वगळला जातो तो एक एकटा मुलगा किंवा मुलगी असते. यादीत नाव नाही, हे वाचून तो सायकल काढतो आणि घरी जातो. त्याच्यासाठी कोणी पत्रक काढीत नाही.

आणि त्याचे जे जाते ते लहान नसते. विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केल्याचे प्रमाणपत्र हा पुष्कळ घरांत नोकरीच्या दाराचा पहिला कडीकोयंडा असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, सैन्य येथेही खेळाडूंची भरती होते. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे खेळ आणि सैन्यातील नोकरी ह्यांचे नाते ह्या भागाला समजावून सांगावयास नको. शेतात तंबाखूची लावण करणाऱ्या बापाचा मुलगा पहाटे उठून धावावयास जातो तेव्हा त्या धावण्याला घरातून जी संमती मिळालेली असते, तिच्यामागे ह्या प्रमाणपत्राची आशा असते. ह्या मातीत गुणांची वाण नाही. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघातील बंडू पाटील बेळगावचे. २०१८ साली आशियाई स्पर्धेत कुराश ह्या कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळविणारी मलप्रभा जाधव बेळगावजवळच्या तुरमुरी गावची. गुणी मुले आहेत. ती यादीपर्यंत पोहोचतात की नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

यादीबाहेर राहिलेल्या एकट्या खेळाडूची गोष्ट सांगावयाची तर खाशाबा जाधव ह्यांच्याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वर हे त्यांचे गाव आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय हे त्यांचे विद्यास्थान. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मल्ल निवडावयाची वेळ आली तेव्हा मद्रास येथील स्पर्धेत गुण कमी देऊन आपणांस डावलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी ती गिळून टाकली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली आणि खाशाबांनी ती जिंकली. मग प्रश्न पैशाचा आला. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावोगावच्या लोकांनी आपापल्या परीने भर घातली, आणि खाशाबा हेलसिंकीला गेले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान योग्य आहे. परंतु तिच्यातील दुसरा अर्थ आपण सहसा पाहत नाही. खाशाबांना न्याय मिळाला तो व्यवस्थेमुळे नव्हे. एक महाराज भेटले म्हणून मिळाला. महाराज परगावी असते, पत्र त्यांच्या हाती पडले नसते, त्यांना त्या दिवशी वेळ नसता, तर देशाचे ते पदकही गेले असते आणि खाशाबांचे नाव आज आपल्याला ठाऊकही नसते. असे किती खाशाबा पतियाळापर्यंत न पोहोचता गावी परतले असतील, ह्याची कोठेही नोंद नाही.

हेलसिंकीतही असाच एक प्रसंग घडला. जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाल्यावर खाशाबांना लागलीच सोव्हिएत मल्लाशी कुस्तीस उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे ठेवील असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. म्हणजे नियम नुसता छापलेला असून भागत नाही. खेळाडूच्या बाजूने तो उच्चारणारा माणूसही जागेवर असावा लागतो.

मात्र ह्यावरून असे समजू नये की जो कोणी तक्रार करील त्याच्यासाठी पुन्हा कुस्ती लावणे हाच न्याय. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या आधी चौऱ्याहत्तर किलो गटात असाच प्रश्न उभा राहिला. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने २०१५च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्या गटात देशासाठी जागा मिळविली होती. दोन ऑलिंपिक पदके नावावर असलेल्या सुशीलकुमारने मागणी केली की, आमच्या दोघांत चाचणी कुस्ती घ्या. मागणी ऐकावयास न्याय्य वाटे. इतक्या मोठ्या मल्लाला एक संधी नाकारावयाची काय, असे अनेकांस वाटले. परंतु जून २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. ज्याने जागा मिळवून आणली तो जातो, असा कुस्ती महासंघाचा परिपाठ होता. ऐन वेळी तो बदलला असता तर नरसिंगने कमावलेले पुसून टाकल्यासारखे झाले असते. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणामुळे नरसिंगला रिओच्या मॅटवर उतरताच आले नाही, हा भाग निराळा. निवडीचा प्रश्न त्याआधीच निकालात निघाला होता. मागणी दोन्ही वेळा एकच होती, पुन्हा कुस्ती लावा. एकदा ती मान्य होणे न्यायाचे ठरले आणि एकदा अमान्य होणे. खाशाबांची तक्रार नियमाप्रमाणे मोजणी झाली नाही अशी होती. सुशीलकुमारची मागणी मोजमापच बदला अशी होती. पहिल्या प्रकारची तक्रार ऐकून घेतलीच पाहिजे. दुसऱ्या प्रकारची, मल्ल कितीही थोर असला तरी, नम्रपणे नाकारली पाहिजे.

तक्रार ऐकण्यालाही वेळेचे बंधन हवे. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स हा फुटबॉल संघ २०२४-२५च्या आय-लीग स्पर्धेत गुणतक्त्यावर पहिला आला. परंतु जानेवारीत झालेल्या एका सामन्यात प्रतिपक्षाने अपात्र खेळाडू उतरविला, अशी दुसऱ्या क्रमांकाच्या इंटर काशी संघाची तक्रार होती. एका समितीने ती मान्य केली, अपील समितीने ती फेटाळली, एप्रिलमध्ये चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित करण्यात आले, आणि जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेते ठरविले. लवादाचा निर्णय आपण शिरोधार्य मानू. पण मैदानावरील सामने संपून तीन महिने लोटल्यावर मिळालेल्या विजेतेपदाचा आनंद कोणाला मनापासून घेता आला असेल? ज्यांना एप्रिलमध्ये विजेते म्हटले गेले त्यांना तर तो परत करावा लागला.

तर मग आपल्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी काय करावे? पैसा लागेल अशी कोणतीही गोष्ट मी सांगणार नाही. निवडीची कसोटी हंगामाच्या आरंभी सूचनाफलकावर लावावी. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतील खेळाला किती महत्त्व, चाचणीला किती, शिबिरातील हजेरीला किती, हे चार ओळींत लिहिता येते. ज्या प्रशिक्षकाच्या महाविद्यालयाचा मुलगा विचारात असेल त्याने तेवढ्यापुरते बाजूला बसावे. अमेरिकेच्या समितीकडून घेण्यासारखी ही एक गोष्ट आहे. शिबिरातून जे वगळले जातील त्यांना दोन ओळींचे कारण लिहून द्यावे. आणि यादी लागल्यापासून संघ गाडीत बसेपर्यंत तीन दिवसांचे अंतर ठेवून, नियमाचा भंग झाला असे ज्याला वाटत असेल त्याचे म्हणणे निवड समितीबाहेरच्या एका माणसाने ऐकावे. तो माणूस महाराज असण्याची गरज नाही. खेळ जाणणारा एखादा निवृत्त शिक्षक पुरेल.

ह्यावर अनुभवी क्रीडाशिक्षक म्हणतील, आमच्या नजरेला काही किंमत आहे की नाही? फुटबॉलमधला सगळा गुण आकड्यांत मोजता येत नाही. चाचणीच्या दिवशी ज्याला ताप आला तो मुलगा आम्ही घ्यावयाचा की नाही? हा आक्षेप खरा आहे. जाणत्याच्या नजरेला जो दिसतो तो गुण एकाच दिवसाच्या चाचणीत दिसेलच असे नाही, आणि निवडणाऱ्याच्या हाती काही मोकळीक असावीच लागते. कारण लिहून द्या असे म्हणण्याने ती मोकळीक जात नाही. ‘चाचणीच्या दिवशी आजारी होता, सबंध हंगामातील खेळ पाहून घेतला,’ हे सरळ कारण आहे, आणि ते वाचून वगळलेल्या मुलालाही पटू शकते. जे लिहिता येत नाही असे कारण निवडीत आले असेल तर मात्र लेखणी अडखळेल. ती अडखळावी एवढ्यासाठीच हा आग्रह.

विभागांचा प्रश्न राहिला. निपाणीच्या मुलाला दक्षिणेत खेळावे लागते आणि अर्जुननगरच्या मुलाला पश्चिमेत, हे आज बदलण्यासारखे नाही. रेषा कोठेतरी असणारच, आणि कोणत्याही रेषेच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी शेजारी राहत असणारच. माझा कल ठराविक जागांच्या नियमाकडे आहे, तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तो उघडा आहे म्हणून. त्यातील दोष सर्वांना आधीपासून दिसतो, आणि जूनमध्ये महाविद्यालयात नाव घालणाऱ्या मुलालाही विचारले तर कळतो. चार चांगल्या संघांच्या विभागात पाचवा आलेला संघ हळहळेल, पण आपण कोणत्या सामन्यात कमी पडलो हे त्याला नेमके सांगता येईल. पुढच्या हंगामात त्याला काय करावयाचे तेही त्याला ठाऊक असेल. समितीच्या खोलीबाहेर राहिलेल्याला हे कळत नाही.

आपल्या भागातील महाविद्यालयांचे सामने पावसाळा सरला की सुरू होतात. त्या आधी प्रत्येक जिमखान्याच्या फलकावर निवडीच्या चार ओळी लागाव्यात, एवढी गोष्ट ह्या वर्षी होण्यासारखी आहे. पालकांनी आणि माजी खेळाडूंनी जाऊन ती मागावी. भांडण करण्यासाठी नव्हे, केवळ वाचण्यासाठी मागावी. आपल्या मुलाला कोणत्या मापाने मोजले जाणार, हे आधी पाहण्याचा हक्क बाजारात धान्य घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही असतो.